दाताला रबर, जिवाला घोर

गेल्या रविवारी मिरजेहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. नणंदेची धाकटी, वय वर्षं दहा. "मामी, बघ ना, फट कमी झाली!" म्हणत तिने वरचा ओठ उचलला. पटाशीच्या दोन दातांना मिळून एक इवलंसं काळं रबर गुंडाळलेलं. लहान मुलींच्या बारीक वेण्यांना लावतात ना, तेच. सलग चार रात्री ते लावून ती झोपली होती. हे कुठे, तर मिरजेत! जिथे हाक मारली तर चार डॉक्टर ओ देतील, त्या गावात.

शोध घेतला तर उगम आमच्याच घरच्या ग्रुपवर निघाला. मावशींनी टाकलेला, "डॉक्टर तुमच्यापासून हे लपवतात!!" अशा मथळ्याचा फॉरवर्ड. तोच मला पुढच्या दोन दिवसांत सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरही आला. त्यात आठ मुद्दे आहेत. थोडक्यात असे: फटीला रबर लावा, दहा दिवसांत काम फत्ते, वाकडा दात रोज पाच मिनिटं बोटाने दाबा, जीभ टाळूला चिकटवून ठेवा, जबडा आपोआप रुंद होतो, तारेसाठी दात काढतात, त्याने नजर जाते आणि चेहरा बसतो, तारेने दात खिळखिळे होतात, अठरानंतर उपयोग नाही, हवेच असतील तर पारदर्शक साचे ऑनलाइन मागवा, डॉक्टर कशाला, आणि शेवटी, तार काढली की दात पुन्हा वाकडे, म्हणजे सगळे पैसे पाण्यात.

मी डॉक्टर नाही. पण अडतिसाव्या वर्षी स्वतःच्या दातांना तार लावून घेतली आहे, बावीस महिने ती वागवली आहे, आणि त्या काळात खुर्चीत आडवं पडून डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले आहेत की शेवटी ते मला आधी तोंड उघडायला लावायचे आणि मग नमस्कार करायचे.

आधी रबर. बाकीचे सात मुद्दे मूर्खपणाचे आहेत, हा एक घातक आहे.

पटाशीचा दात आरशात नीट बघा. खाली धारेशी रुंद, वर हिरडीकडे अरुंद, आणि हिरडीच्या आत मूळ आणखी निमुळतं होत गेलेलं. उलट्या धरलेल्या गाजरासारखा आकार. त्यावर ताणलेलं रबर चढवलं तर ते निमुळत्या बाजूला सरकणार. आधी हिरडीच्या कडेला जातं, मग हिरडीखाली शिरतं, मग मुळाच्या कडेने वर वर चढत राहतं. दात आणि हाड यांना धरून ठेवणारे बारीक तंतू असतात, ते वाटेत कापत जातं. त्या भागातलं हाडही झिजतं. दात हलायला लागतो, खाली लोंबतो. यात सगळ्यात फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला फट खरंच कमी होते. दोन्ही दातांची टोकं एकमेकांकडे कलतात, असल्या युक्त्यांचे व्हिडिओ करणारा तेवढंच दाखवतो आणि लाइक गोळा करून निघून जातो. पुढे रबर दिसेनासं झालं की घरच्यांना वाटतं, रात्री पडलं असेल. ते आत गेलेलं असतं. साधं रबर एक्स-रेत दिसतही नाही. डॉक्टरला दिसतं ते फक्त पोखरलेलं हाड, आणि मूल म्हणतं मी काही केलं नाही.

हे कुणाला अतिरंजित वाटत असेल तर एक गोष्ट सांगते, आणि माझ्या मते एवढी एक पुरेशी आहे. २००८ साली 'जर्नल ऑफ ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी'मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांचा एक लेख आला. त्यांचे रुग्ण हाडांसाठीची बिस्फॉस्फोनेट नावाची औषधं घेणारे होते. अशांचा दात उपटला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. मग दात काढायचा कसा? तर त्यांनी दाताच्या मानेभोवती रबर चढवलं, ठरावीक दिवसांनी नवं घालत राहिले, आणि काही आठवड्यांत दात आपणहून गळून आला. रक्तस्राव न थांबणाऱ्या हिमोफिलियाच्या रुग्णांवर ही युक्ती त्याआधीही वापरली गेली होती. म्हणजे वैद्यकशास्त्रात रबर गुंडाळणं ही *दात पाडायची* पद्धत आहे. मावशी, तुमच्या फॉरवर्डने दहा वर्षांच्या पोरीला नेमका तोच उपचार लिहून दिला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर सातवीत कवळी!

आणि मुळात तिला काही झालेलंच नव्हतं. दुधाचे दात पडून कायमचे येत असतात त्या वयात पटाशीच्या दोन दातांत थोडी फट असणं हे अगदी रीतसर आहे. वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी खाली येतात आणि येताना बाजूच्या दातांना मध्ये सारतात. दोनेक मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक वेळा तेव्हाच मिटते. नाही मिटली तर कारण शोधावं लागतं: ओठाच्या आतली पट्टी जाड आहे का, हाडात एखादा जादा दात दडून बसला आहे का. आत दात अडकलेला असताना बाहेरून रबर बांधणं म्हणजे दाराआड पेटी ठेवलेली असताना दार ढकलत बसणं. आमच्या आजेसासूबाई तर फट असलेलं माणूस नशीबवान म्हणायच्या. तो समज खरा की खोटा ते सोडा, पण त्याने निदान कुणाचे दात तरी पाडले नाहीत.

दहा दिवसांचा हिशोबही बघून टाकू. तारेचा दाब पडला की दात ज्या बाजूला सरकायचा तिकडचं हाड विरघळतं आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. हे काम शरीर आपल्या गतीने करतं. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, म्हणून उपचार दीड-दोन वर्षं चालतो. डॉक्टर वेळ काढत नाहीत, हाड वेळ घेतं.

बोटाने दाबण्याबद्दल: दात हलायला हलका दाब रोज तासन्‌तास लागतो, निदान सहा तास तरी. पाच मिनिटांच्या दाबाने दात हलत असते तर भाकरी चावता चावताच सगळ्यांचे दात इकडचे तिकडे गेले असते.

जीभ टाळूला लावायचं खूळ ब्रिटनमधून आलं. ते जगभर पोहोचवणारे दंतवैद्य मायकेल म्यू यांचं नाव नोंदवहीतून काढण्याचा निर्णय तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलने २०२४ मध्ये दिला. जिभेच्या सवयीचा दातांशी संबंध नाही असं नाही. जीभ सतत पुढे ढकलणाऱ्या किंवा अंगठा चोखणाऱ्या मुलांचे दात पुढे येतात, आणि ती सवय मोडावी लागते. पण दाटीवाटीने उगवलेले दात जीभ वर ठेवून रांगेत येत नाहीत.

आता नजर. हा आपल्याकडेही रुजलेला समज, आणि माझ्या आईनेही मला तो ऐकवला होता. वरच्या दातांना संवेदना देणारी नस वेगळी, डोळ्यातून मेंदूकडे दृश्य नेणारी नस वेगळी. एक तोडली म्हणून दुसरीचा दिवा विझत नाही. माझ्या वरच्या दोन उपदाढा काढल्या. चष्म्याचा नंबर तेव्हा दीड होता, आजही दीडच आहे. चेहरा बसण्याबद्दल मात्र एवढं मानते की दात काढायचे की नाहीत हा निर्णय विचार करून घ्यायचा असतो. तो कुणी पाच मिनिटांत उरकत असेल, फोटो, साचे, एक्स-रे काहीच न बघता, तर उठून दुसऱ्याकडे जावं. जागा कमी आणि दात मोठे असतील तर काढावे लागतात. सगळ्यांनाच लागत नाहीत.

"तारेने दात खिळखिळे होतात." सरकत असताना दात थोडे हलतात, ते होणारच, नंतर घट्ट बसतात. पण इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. मुळांची टोकं उपचारात किंचित झिजतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, मोजक्यांत ती झीज जास्त होते, म्हणून मध्ये एक्स-रे काढून बघतात. आणि तारेभोवती घास अडकून राहिला तर दातावर पांढरे डाग उमटतात. तो दोष तारेचा कमी, ब्रश टाळणाऱ्याचा जास्त. दिवाळीत चकली खाऊन माझा एक ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावरचा तुकडा, निखळला, तेव्हा डॉक्टरांनी शिव्या मलाच घातल्या, चकलीला नाही.

अठरा वर्षांचा नियम कुणी काढला देव जाणे. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर दात कुठल्याही वयात सरकतात. वयाचा फरक पडतो तो जबड्याच्या वाढीत. टाळू रुंद करणं, मागे राहिलेला खालचा जबडा पुढे आणणं ही कामं वाढत्या वयात सोपी जातात. मोठेपणी जबड्यातच फार तफावत असेल तर शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं. म्हणून मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवा म्हणतात. दाखवा म्हणतात, लगेच तार लावा म्हणत नाहीत.

पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, वाईट नाहीत. योग्य केसमध्ये छान काम करतात, पण दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात ठेवावे लागतात. चहाला काढला आणि खिशात विसरला की काम थांबलं. हाड आणि मुळं न तपासता ते घरपोच मागवणं हा मात्र जुगार आहे. 'स्माइलडायरेक्टक्लब' ही २०१४ मध्ये सुरू झालेली अमेरिकन कंपनी याच धंद्यातली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, डिसेंबरात बंद पडली, आणि अर्धेमुर्धे साचे घालून बसलेले ग्राहक तसेच लटकले.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. तार काढली की दात परत फिरायला बघतात. त्यासाठीच रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, असतो. मी अजून रात्री लावते, आणि बहुधा लावतच राहीन. हे आधी न सांगणारे डॉक्टर असतात, आणि तिथे लोकांची तक्रार रास्त आहे.

पैशांचं खरं आहे. मी हप्त्यांनी भरले, आणि ते टोचले. पण त्यावर उत्तर रबर नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर आहे, गोव्यात बांबोळीचं आहे. तिथे एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, घेणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली हेच काम खाजगीपेक्षा खूप कमी खर्चात करतात. रांग असते, खेटे पडतात. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षं फक्त दात सरळ करण्याच्या याच विषयात घालवलेला माणूस शोधा, एवढंच बघा.

भाचीला सोमवारीच दाखवलं. रबर हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचलं होतं, आत शिरलेलं नव्हतं. हिरडी लाल आहे, दात शाबूत. जादा दात वगैरे काही नाही, सुळे वर वाटेत आहेत, सहा महिन्यांनी परत या म्हणाले. वन्संनी केसांच्या रबरांचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलंय. मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं, त्यावर मावशींचा हात जोडलेला इमोजी आला, आणि त्याखाली लगेच, लसणाने दाढदुखी कायमची बंद.