अर्धा पत्ता मोबाईलवर पोचत नसतो

"काहून बे, हे दाबलं तं काहीच होऊन नाही राहिलं." दारव्हा तालुक्यातून काकांचा फोन. जिनिंगला कापूस टाकला होता, काटापावती मेसेजवर येणार होती. मेसेज आला तो असा : "पावती पाहा : ~/पावती/४१७". बिचारे पावतीसाठी पुन्हा बारा किलोमीटर गेले.

त्या जिनिंगचा प्रोग्राम माझ्याच भाच्याने केलेला. विचारलं तर म्हणतो, "मामा, ग्रुपवर आलं होतं." ते फॉरवर्ड मग मलाही मिळालं. चार उपदेश : लिंकचा पत्ता अर्धाच (साइटचं नाव, म्हणजे डोमेन, सोडून) लिहा, पुढचं सर्व्हर पाहून घेतो, ~ सगळीकडे चालतं, खालच्या लेयरला (पेजच्या मागे काम करणाऱ्या कोडला) पत्ता लागला तर पेजचा ऑब्जेक्ट द्या, आणि डोमेन आलेल्या रिक्वेस्टच्या होस्टमधून (कोणती साइट हवी ते सांगणाऱ्या ओळीतून) उचला, सेटिंग कशाला?

पहिलंच घ्या. अर्धा पत्ता सर्व्हर पूर्ण करत नाही, वाचणारा करतो. इंटरनेटच्या नियमांचे कागद असतात, त्यांना आरएफसी म्हणतात; त्यातला आरएफसी ३९८६, जानेवारी २००५, कलम ५ उघडून पाहा. अर्धा पत्ता सोडवायला मूळ पत्ता हवाच, आणि तो कुठून घ्यायचा याचा क्रमही तिथेच दिलाय : मजकुरातच सांगितलेला, मजकूर ज्यात गुंडाळून आला त्याचा, जिथून आणला तो, आणि काहीच नसेल तर वाचणाऱ्या प्रोग्रामने ठरवलेला. ब्राउझरला तिसरा आयताच मिळतो. काकांच्या मेसेजमध्ये यातलं काय होतं? "पाराच्या मागे, डाव्या हाताला" हे गावात चालतं. नागपूरहून पाठवलेल्या पाकिटावर लिहून बघा.

~ म्हणजे ॲप्लिकेशनचं मूळ, ही एएसपी डॉट नेटची (मायक्रोसॉफ्टच्या साइट बनवायच्या साधनाची) घरगुती खूण. त्या आरएफसीत ते साधं अक्षर आहे, बस्स. पेज खाली पाठवण्याबद्दल काय बोलावं? मेसेज पाठवणारं काम रात्री चालतं, तेव्हा कोणतं पेज उघडं असतं? त्याच एएसपी डॉट नेटमधलं व्हर्च्युअलपाथयुटिलिटीचं टूअॅब्सोल्यूट हे फंक्शन पेजशिवाय ~ सोडवतं. पण तेही पाथच (डोमेननंतरचा भाग) देतं, डोमेन नाही.

चौथा उपदेश मात्र घातक आहे, आणि त्याच्याच खाली सगळ्यात जास्त अंगठे. होस्ट हेडर समोरचा लिहून पाठवतो, तुम्ही नाही. कोणी काकांच्या नावाने "पासवर्ड विसरलो" दाबलं आणि होस्टमध्ये स्वतःचं डोमेन घातलं, की तुमचाच सर्व्हर काकांना मेसेज पाठवणार, तुमच्याच नावाने, आणि लिंक त्या चोराच्या दारात नेणारी. काकांनी दाबली की टोकन, म्हणजे पासवर्ड बदलू देणारी लिंकमधली गुप्त खूण, त्याच्या हातात. खात्याचा पासवर्ड मग तोच बदलणार. बरं, रात्रीच्या कामात रिक्वेस्टच नसते. होस्ट कुठून उचलणार, गोठ्यातून?

एक मान्य करतो, नाइलाजाने. पेजच्या आत अर्धा पत्ता उत्तमच. रीडायरेक्टच्या (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या उत्तराच्या) लोकेशन हेडरमध्येही २०१४ च्या आरएफसी ७२३१ पासून तो चालतो. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये पूर्णच लागायचा. पण दोन्हीकडे वाचणारा ब्राउझर आहे, आणि आपण कुठून आलो हे त्याला ठाऊक असतं.

भाच्याने अखेर सेटिंगमध्ये साइटचा पूर्ण मूळ पत्ता लिहिला, अन् खालचा लेयर आता तोच जोडून पूर्ण लिंक बनवतो. काकांची पुढची पावती मोबाईलवर उघडली. ओलाव्यापायी किती वजन कापलं ते तीत दिसलं, आणि काका भांडायला परत जिनिंगला गेले.