हंडा कुठंय?

आमचं रान सोलर कंपनीला भाड्यानं द्यायचं ठरलं आणि घरातले सगळे भाऊबंद अचानक एकमेकांशी गोड बोलायला लागले. तेवढ्यात कंपनीचा निरोप आला. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेची अट आहे, पॅनेल बसवायच्या आधी पुरातत्त्वाची पाहणी होणार.

भर मे महिन्यात. सोलापुरात. तारीख काढणारा नक्कीच बाहेरगावचा.

पाहणीच्या मॅडम जीपीएस आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आल्या. रानात सरळ रेघ धरायची, खाली बघत टोकापर्यंत जायचं, दहा पावलं सरकून परत फिरायचं. मी जमीनमालक म्हणून सोबत, म्हणजे छत्री धरायला. ज्वारी काढून नांगरलेलं काळं रान, एकेक ढेकूळ पाय मुरगळायला टपलेलं.

ओढ्याकडच्या टेकाडावर मॅडम थबकल्या.

"काका, काळ्या रानात ही राखट पांढरी माती आली कुठनं? इथं जुनं गाव असणार. घरांच्या भिंती, चुलीतली राख, शेण साचून अशी पांढर होते."

मग उकिडवं बसून त्यांनी एक खापर उचललं. आतून आणि काठाशी काळं, बाहेरून तांबडं. पाण्यानं पुसून म्हणाल्या, "सातवाहनकाळातलं असू शकतं."

मला भरूनच आलं. हत्तरसंग कुडलचा मराठी शिलालेख शके ९४० चा, त्याचा आम्हां सोलापूरकरांना केवढा अभिमान! आमची फुटकी मडकी त्याच्याहून हजारेक वर्षांनी थोरली निघाली. अण्णांनी मात्र हयातभर ती वेचून बांधावर फेकलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यानं भाडं वाढतंय का कमी होतंय?"

कमी झालं. टेकाड वगळून पॅनेल बसणार, तेवढ्या जागेचं भाडं कट.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी: हंडा घावला! बोअरचं पाणी दाखवणारा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन टेकाडावर हजर. मी १८७८ चा कायदा सांगितला, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

"दहा रुपयांत चहा तरी येतो का बे?" चुलतभाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टेकाडावर ताजे खड्डे. मॅडम फोनवर कळवळल्या, खोदलं की थर कालवतात, मग कुठली वस्तू कुठल्या काळातली, काही लागत नाही.

तेव्हापासून अण्णा राखणीला रात्री टेकाडावरच खाट टाकतात. आईचा एकच प्रश्न आहे: राखणीला उशाशी टिकाव कशाला लागतो?