अदखलपात्र गायन

निवृत्तीनंतर मी मिरजेहून तंबोरा आणला, तेव्हा तो जिन्यातून वर चढवायला वरच्या मजल्यावरच्या आप्पांनीच हात लावला होता, हे आधीच नमूद करतो. कारण तीन महिन्यांनी माझ्याविरुद्ध तक्रारअर्ज गेला, तोही त्याच हाताने लिहिलेला होता. सांगलीकराने तंबोऱ्यासाठी मिरज गाठावी, यात नवल नाही. एके काळी शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडवली आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबही तिथेच विसावले आहेत. त्यामुळे भोपळा शेजारी टेकवून बसले की आपणही किराणा घराण्यातलेच आहोत असे वाटू लागते. आप्पांच्या मते माझा किराण्याशी संबंध कोपऱ्यावरच्या दुकानापुरताच आहे.

एका सरकारी छापाच्या कार्यालयातून आलेल्या 'कारणे दाखवा' नोटिशीत मी 'रात्रीच्या वेळी कर्कश वाद्य वाजवून शांतताभंग करतो' असे म्हटले होते. मला अधिक लागला तो 'कर्कश' हा शब्द. तंबोऱ्याचा नाद शेजारच्या खोलीत पोचेपर्यंत दमून जातो. 'रात्री'बद्दल मात्र मी निरुत्तर झालो. मी पहाटे साडेपाचला भैरव आळवतो, आणि २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्र दहापासून सकाळी सहापर्यंत असते. शास्त्राप्रमाणे जो पहाटेचा राग, तोच नियमाप्रमाणे रात्रीचा अपराध ठरला.

मग मीही नियम वाचून काढले आणि नोटीस रद्द व्हावी म्हणून अर्ज दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती किमान १० डेसिबलने ओलांडली गेली, तर तक्रार करता येते. शिवाय मनाईचा आदेश काढणारा अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नसावा, असेही त्यात वाचले. माझ्या नोटिशीवर स्वच्छता विभागातल्या कोणाची तरी सही होती. हा मुद्दा मी सुनावणीत मोठ्या आवाजात मांडला. (तिथे डेसिबल मोजत नव्हते.) साहेब शांतपणे म्हणाले, "काका, शिक्का बघा की. शिक्का गोल हाय का नाही?"

अखेर आवाज मोजायचे ठरले. मापकयंत्र घेऊन दोन कर्मचारी पहाटे पाचलाच दारात हजर झाले आणि चहा पिऊन आमच्या गॅलरीत उभे राहिले. समोर असे श्रोते मला आयुष्यात प्रथमच लाभले होते, म्हणून मी षड्‌ज जरा सढळ हाताने लावला. यंत्राचा आकडा ४९ वर जाऊन थबकला. "आणखी जोरात म्हणा," असे कर्मचारी म्हणाले आणि माझी विचित्र कोंडी झाली: खटला जिंकायचा तर आवाज बारीक ठेवायला हवा आणि अब्रू राखायची तर चढवायला हवा. मी अब्रूची बाजू घेतली. तार षड्‌जावर घशाच्या शिरा ताणल्या, तेव्हा आकडा ५२ झाला. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि तो एकदम ७४ वर गेला. "अहो, कुकरला नोटीस आली तर ती माझ्या नावाने येईल का?" हिने आतून विचारले.

पंधरा दिवसांनी नोटीस रद्द झाल्याचा आदेश आला. अर्ज फेटाळायचा तरच कारणे लिहिण्याचे बंधन आहे. माझा अर्ज मंजूर होऊनही साहेबांनी हौसेने कारण लिहिले होते: 'अर्जदाराचे गायन दखल घेण्याइतके आढळून येत नाही.' त्याखाली गोल शिक्का.

तो कागद मी तीन वेळा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज आवक-जावकला देऊन पोच घेतली. निकाल मान्य आहे, फक्त 'दखल घेण्याइतके' हे शब्द वगळून आदेशात दुरुस्ती व्हावी, अशी त्यात नम्र विनंती केली आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. साक्षीदार म्हणून आप्पांनी स्वतःहून सही दिली. माझा आवाज तीन घरे ओलांडून जातो, हे शपथेवर सांगायला ते एका पायावर तयार आहेत.