‘ऐंशी ओहमच्या वर ॲम्प लागतोच’ : हा हिशेब चुकीचा का आहे

हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. तो साधारण असा: "८० ओहमच्या वरच्या हेडफोनला वेगळा ॲम्प लागतोच. प्लॅनर असेल तर विचारूच नका. फोनवर आवाज मोठा येतो, पण बास आणि साउंडस्टेज ॲम्पवरच खुलतात. म्हणून बजेट निम्मं-निम्मं करा आणि ॲम्प जमेल तेवढा ताकदीचा घ्या." (ओहम हे हेडफोनच्या विद्युत रोधाचं, म्हणजे इम्पीडन्सचं माप; ॲम्प म्हणजे सिग्नल मोठा करून हेडफोनला देणारं उपकरण; प्लॅनर म्हणजे सपाट पातळ पडद्याने आवाज करणारा हेडफोन; साउंडस्टेज म्हणजे आवाज किती पसरलेला भासतो ते.) पंधरा हजार रुपये हातात असलेला माणूस हे ऐकून सात-आठ हजारांचा हेडफोन घेतो आणि उरलेले पैसे ॲम्पवर घालतो. त्यात त्याचं थेट नुकसान आहे, म्हणून हा सल्ला तुकड्या-तुकड्याने तपासायला हवा.

"८० ओहमच्या वर ॲम्प लागतोच."

नुसत्या ओहमवरून हे ठरतच नाही. ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला हेडफोन किती मोठा वाजतो) हे दोन्ही आकडे एकत्र लागतात. आधी लक्ष्य ठरवू. घरात बसून ऐकताना सरासरी आवाज ७५-८० डेसिबल असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. तबल्याची जोरकस थाप किंवा ड्रमचा ठोका सरासरीच्या साधारण वीसेक डेसिबल वर जातो, म्हणजे १००. थोडी मोकळीक ठेवून ११० धरा.

आता सेनहायझर एचडी ६५० घ्या. ३०० ओहम, १ व्होल्टला १०३ डेसिबल. ११० साठी त्याला सुमारे २.२ व्होल्ट लागतात आणि करंट जेमतेम ७.५ मिलिॲम्पिअर. दुसरीकडे ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स: ३८ ओहम, १ मिलिवॅटला ९९ डेसिबल. त्याला ११० साठी ०.७ व्होल्ट पुरतात. हायफायमॅन एचई४००एसई हा प्लॅनर २५ ओहमचा; १ मिलिवॅटला ९१ डेसिबल धरले तर त्याला १.४ व्होल्ट आणि ५६ मिलिॲम्पिअर लागतात.

म्हणजे १ व्होल्ट देणारा साधा डोंगल (फोनच्या यूएसबी पोर्टला लावून हेडफोनचा जॅक देणारा छोटा अडॅप्टर) लावला तर एचडी ६५० वर १०३ आणि या प्लॅनरवर १०७ डेसिबल मिळतात, डोंगलला तेवढा करंट झेपला तर. दोन्ही आकडे नेहमीच्या ऐकण्याला पुरून उरतात. ज्याला लोक ‘ॲम्पशिवाय अशक्य’ म्हणतात तो प्लॅनर इथे जास्त मोठा वाजतो.

एक फसगत इथे नेहमी होते. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला, आणि लोक १०३ व ९१ शेजारी ठेवून निष्कर्ष काढतात. मिलिवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर त्यात ३० मिळवा आणि ओहमच्या लॉगॅरिदमची दहापट वजा करा. २५ ओहमला ही वजाबाकी १४ येते, ३०० ओहमला जवळपास २५. हे केल्याशिवाय तुलना करू नका.

"फोनवर मोठा वाजतो, पण पूर्ण चालत नाही."

हेडफोनच्या कॉइलला एवढंच कळतं की तिच्या टोकांना किती व्होल्टेज आहे. सोर्स (फोन, डोंगल किंवा ॲम्प) क्लिप होत नसेल, म्हणजे ताकद संपून आवाज फाटत नसेल, त्याचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा आतला रोध) कमी असेल आणि खरखर ऐकू येत नसेल, तर ‘पूर्ण’ होण्यासारखं काही उरत नाही. मग ॲम्प लावल्यावर फरक जाणवतो तो कशाने? बहुतेक वेळा आवाज एक-दोन डेसिबलने वाढलेला असतो, आणि मोठा आवाज कानाला भरीव वाटतो. तुलना करायचीच तर दोन्ही सोर्सचं व्होल्टेज मीटरवर दोन टक्क्यांच्या आत जुळवा आणि कोणता वाजतोय हे ऐकणाऱ्याला सांगू नका.

खरा फरक पडतो तो आउटपुट इम्पीडन्समुळे. डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. एचडी ६५० चा बासमध्ये ५०० ओहमच्या आसपास चढतो. १२० ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला तो लावला तर बास साधारण १ डेसिबलने उचलला जातो. ‘ॲम्पचा उबदार आवाज’ म्हणतात त्यामागे अनेकदा हेच असतं. कमी ओहमच्या, अनेक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) असलेल्या इअरफोनवर हाच परिणाम कितीतरी मोठा होतो आणि टोन बिघडतो. सोर्सचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असला की चिंता मिटली: ३२ ओहमला ४ ओहम.

"ॲम्प जितका ताकदीचा तितका बरा."

संवेदनशील इअरफोनवर उलट होतं. जास्त गेनच्या (सिग्नल जास्त पटीने वाढवणाऱ्या) ॲम्पवर शांत जागी सूं-सूं ऐकू येतं, नॉब जेमतेम फिरवून घड्याळातल्या आठच्या जागी आणला तरी आवाज असह्य होतो, आणि त्या खालच्या पट्ट्यात स्वस्त नॉबचे डावे-उजवे चॅनल जुळत नाहीत. गेनचा स्विच असेल तर तो ‘लो’वर ठेवा. लॅपटॉपच्या जॅकमध्येच गुणगुण असेल तर त्याच जॅकला ॲम्प जोडून ती गुणगुणही मोठी होते. तिथे यूएसबी डोंगल हवा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये ॲम्प आतच असतो, तो वायरलेस वापरताना बाहेरच्याचा प्रश्नच येत नाही.

आता मोजण्याचं. तुमच्या फोनला किंवा डोंगलला खरंच जमतं का, हे विचारत फिरण्यापेक्षा मोजणं सोपं आहे. लागेल काय: ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन, पाव वॅटचे १ किलोओहम आणि ३३ ओहमचे रेझिस्टर, आणि एसी २ व्होल्टची रेंज असलेला मल्टिमीटर. पिन आणि रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत किरकोळीत मिळतात. मीटर घेताना मात्र बघून घ्या. सर्वांत स्वस्त डीटी-८३० जातीच्या मीटरवर एसीची खालची रेंजच २०० व्होल्टची असते, तिथे १ व्होल्ट धड वाचता येत नाही.

पिनच्या टोकाचा भाग आणि मुळाशी असलेली ग्राउंड यांच्यामध्ये १ किलोओहम जोडा. इक्वलायझर बंद ठेवून ६० हर्ट्झची पूर्ण पातळीची साइन फाइल (एकाच सुराची ध्वनिफीत) फुल व्हॉल्यूमवर वाजवा आणि व्होल्टेज वाचा. मग त्या जागी ३३ ओहम लावून पुन्हा वाचा. पहिला आकडा भागिले दुसरा, त्यातून १ वजा, गुणिले ३३ : हा झाला आउटपुट इम्पीडन्स. १.०० चे ०.९७ झाले तर सुमारे १ ओहम, उत्तम. ०.३० झाले तर ७७ ओहम. पण आधी निम्म्या व्हॉल्यूमवर पुन्हा मोजा. तिथे घसरण नाहीशी झाली तर दोष इम्पीडन्सचा नसून करंटच्या मर्यादेचा आहे. ही मोजणी चालू असताना त्या सोर्सला हेडफोन लावू नका.

ॲपलचा यूएसबी-सी डोंगल घेत असाल तर मॉडेल नंबर बघा: ए२०४९ जवळपास १ व्होल्ट देतो, युरोपसाठीचा ए२१५५ त्याच्या निम्मा. अनेक अँड्रॉइड फोनवर ए२०४९ सुद्धा निम्म्यावरच अडकतो, कारण फोन डोंगलच्या आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. ‘आवाज कमी येतो, म्हणजे ॲम्प हवा’ हा निष्कर्ष बऱ्याचदा इथूनच निघतो. अर्ध्या व्होल्टवर २५० ओहमचा बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो ९६ डेसिबलला थांबतो, आणि तो खरंच हळू वाटतो.

ॲम्प खरोखर लागतो ते हेडफोन थोडे आहेत. बायरडायनॅमिकच्या ६०० ओहमच्या डीटी ८८० ला ११० साठी ३.९ व्होल्ट लागतात. हायफायमॅनच्या जुन्या एचई-६ प्लॅनरला ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिॲम्पिअर. तिथे डोंगल थकतो. जास्त ओहम आणि कमी सेन्सिटिव्हिटी यांखेरीज तिसरी स्थिती लोक विसरतात: इक्वलायझरने बास ६ डेसिबल उचलला तर आवाज फाटू नये म्हणून त्यातला प्रीॲम्प (एकूण पातळी) −६ वर आणावा लागतो, आणि तेवढाच आवाज परत मिळवायला व्होल्टेज दुप्पट लागतं. हिशेबात हे ६ आधीच मिळवून ठेवा.

पंधरा हजारांतले चौदा हजार हेडफोनवर आणि उरलेल्यात डोंगल, ही वाटणी बहुतेकांना पुरते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट या इक्वलायझर ॲप्सनी टोनमध्ये जेवढा बदल होतो तेवढा चांगल्या ॲम्पने होत नाही, कारण चांगला ॲम्प टोन बदलतच नाही. गादी दबलेले इअरपॅड बदलले तरी गेलेला बास परत येतो. एवढं करूनही मोजलेलं व्होल्टेज कमी पडलं, तर आधी २ व्होल्टचा डोंगल बघा. टेबलावरचा ॲम्प त्याच्या नंतर.