हाफ इंजिन करण्याआधी

आमच्या अण्णांची स्प्लेंडर २००७ सालची. मीटरला पाचच आकडे, त्यामुळे ९९,९९९ झाल्यावर तो शून्यावर आला आणि आता पुन्हा चाळीस हजारांच्या पुढे गेलाय. गेल्या पावसाळ्यात आंबा घाट उतरून साखरप्याजवळ ॲक्सिलरेटर पिळला, तर मागून येणाऱ्या मित्रानं हॉर्न मारून थांबवलं. सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट निघाला होता.

कोल्हापुरात आल्यावर गॅरेजला नेली. दोन किक मारल्या, धूर बघितला आणि निकाल लागला : "हाफ इंजिन करायला लागतंय." म्हणजे इंजिनचा वरचा भाग खोलून पिस्टन आणि रिंगा बदलायच्या, सिलिंडरचा ब्लॉक आतून घासून घ्यायचा (बोअरिंग). सात-आठ हजार. वर सल्ला, "त्यापेक्षा काढून टाका की."

मला याच्याबद्दल बोलायचंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं खरं. पण ते कुठून येतंय, हे धूर कधी निघतो यावरून कळतं, आणि तेच कुणी विचारत नाही. पिस्टनच्या रिंगा (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद ठेवणारी कडी) झिजल्या असतील तर चढाला, डबलसीट असताना, जोर लावला की धूर येतच राहतो. आमची गाडी चढाला स्वच्छ होती. धूर फक्त सकाळच्या पहिल्या किकला आणि लांब उतार संपल्यावर. उताराला ॲक्सिलरेटर बंद असतो, चाकच इंजिनला फिरवतं. कार्ब्युरेटरचं तोंड मिटलेलं, त्यामुळे आतली ओढ वाढते आणि हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचं, ऑइल व्हॉल्व्हच्या (झडपेच्या) दांडीवरून खाली खेचलं जातं. ते अडवायला तिथं बोटाच्या पेरापेक्षाही लहान रबरी सील असतात. इतकी वर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होणारच.

तरी खात्री करून घेतली. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडलं, प्लग लावला, किक हातानं दाबून पाहिली. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून किक जड झाली असती. होती तशीच राहिली.

मग दोन रविवार घराच्या पडवीत. हेड उतरवताना टायमिंग चेन तारेनं बांधून ठेवली, नाहीतर ती आत पडते. स्प्रिंग दाबायला व्हॉल्व्ह लिफ्टर विकत आणला. स्प्रिंगची दोन चिमुकली लॉक उडून हरवू नयेत म्हणून हेडखाली आईचं जुनं लुगडं अंथरलं. सील बदलले, नवं गॅस्केट घातलं, फ्लायव्हीलची आणि कॅम गिअरची खूण जुळवली, टॅपेटची फट फिलर गेजच्या पातळ पात्यानं मोजून बसवली. सगळा खर्च लिफ्टर धरून हजाराच्या आत.

गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणत नाही. त्याच्या दारात वीस गाड्या उभ्या, आणि आपण तासाभरात गाडी मागतो. निदान करण्याचे पैसे आपण त्याला कधी देतो का? पार्ट बदलल्याचेच देतो. मग तो पार्टच बदलणार. आणि रिंगा खरंच गेल्या असत्या तर मीही ब्लॉक घेऊन उद्यमनगरात बोअरिंगला गेलोच असतो. लेथचं काम घरी होत नाही.

पण वाटतं ते असं, की गाडीबरोबर सर्व्हिस मॅन्युअल मिळायला हवं, आणि तेही मराठीत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रानं २०२२ मध्ये समिती नेमली. माझ्या लेखी त्या हक्काची सुरुवात त्या पुस्तकापासून होते. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांना तर त्याची जास्तच गरज. तिथं बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, दोष शोधायला स्कॅनर लागतो, आणि घरातला माणूस पाना हातात घेऊन नुसता बघत बसतो.

परवा पुन्हा आंबा घाट उतरलो. साखरप्याला थांबून मित्रानंच ॲक्सिलरेटर पिळून पाहिला. काही नाही. आता चेन सेट बदलायचाय, आणि टाकीतून येणारी पेट्रोलची नळीही, ती चिरायला लागलीये.

लिफ्टर माझ्याकडेच आहे. कोल्हापुरात कुणाची गाडी फक्त सकाळी धूर टाकत असेल तर हाफ इंजिनला हो म्हणण्याआधी मला मेसेज करा, रविवारी घेऊन येतो.