‘हवेतल्या उष्णतेने समुद्र तापूच शकत नाही’ हा दावा कुठे चुकतो

हवामानबदलावर चर्चा निघाली की एक दावा हमखास पुढे येतो. तो असा: कार्बन डायऑक्साइडमुळे हवेतून खाली येणारे इन्फ्रारेड किरण समुद्राच्या अगदी वरच्या, केसाहूनही पातळ थरात शोषले जातात. तिथली उष्णता लगेच बाष्पीभवनात निघून जाते. शिवाय हा थर खालच्या पाण्याहून गार असतो, म्हणून उष्णता खाली जाणं शक्यच नाही. तेव्हा समुद्राला तापवतो तो फक्त सूर्य. ऐकायला हे अगदी बिनतोड वाटतं, कारण यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच एकेक मुद्दा सुटा करून पाहायला हवा.

किरण पातळ थरातच थांबतात. हे बरोबर आहे. यातले बहुतेक किरण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास शोषले जातात. निळा-हिरवा सूर्यप्रकाश मात्र स्वच्छ पाण्यात कित्येक मीटर खाली पोचतो. इथे वाद नाही.

ती सगळी उष्णता बाष्पीभवनात जाते. हिशेब करून पाहा. समुद्राच्या दर चौरस मीटरवर हवेतून सरासरी सुमारे ३५० वॅट इन्फ्रारेड उष्णता येते. ती सगळी बाष्पीभवनात गेली, तर वर्षाला सुमारे साडेचार मीटर पाणी उडायला हवं. प्रत्यक्षात जागतिक सरासरी सव्वा मीटरच्या आसपास आहे. दाव्यात आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली असते: हाच पातळ थर स्वतःही दर चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट उष्णता इन्फ्रारेड रूपात वर फेकत असतो. बाष्पीभवनात साधारण १०० वॅट जातात ते वेगळेच. सूर्याकडून मिळतात सरासरी १७० वॅट. हवेतून येणारे ३५० वॅट समुद्राच्या कामी येत नसते, तर हा जमाखर्च जुळलाच नसता आणि समुद्र केव्हाच गोठला असता.

वरचा थर गार, म्हणून उष्णता खाली जाणार नाही. दाव्याचा सगळा भार या मुद्द्यावर आहे. वरचा थर खालच्या पाण्यापेक्षा साधारण ०.१ ते ०.३ अंश सेल्सियसने गार असतो, हे खरंच. पण तो गार का असतो? सूर्याने खोलवर तापवलेलं पाणी आपली उष्णता याच वाटेने हवेत सोडतं म्हणून. पृष्ठभागालगतच्या मिलिमीटरभराहून कमी जाडीत पाण्याची घुसळण जवळजवळ थांबते आणि उष्णतेला रेणूंच्या धडकांतूनच वर सरकावं लागतं. ती किती वेगाने सरकेल, हे या थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूंच्या तापमानातल्या फरकावर ठरतं.

आता हवेतून येणारी इन्फ्रारेड उष्णता वाढली की काय होतं? थराची वरची बाजू किंचित उबदार होते, फरक घटतो आणि खालून वर येणारी उष्णता कमी होते. जी बाहेर पडली असती ती पाण्यातच राहते. टाकीत येणारं पाणी तेवढंच ठेवून बाहेर जाणारी तोटी थोडी आवळली, तर पातळी चढतेच. वरून जास्तीचा थेंबही सोडावा लागत नाही. उष्णता खाली ‘जाण्याची’ गरजच नाही, तिची वर येण्याची गती मंदावली की पुरे. बाष्पीभवन वाढायचं म्हटलं तरी आधी वरचा थर उबदार व्हावा लागतो. म्हणजे दाव्याने स्वतःच सांगितलेल्या वाटेने गेलं, तरी याच उत्तरापाशी पोचतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. मायामी विद्यापीठाच्या एलिझाबेथ वाँग आणि पीटर मिनेट यांनी २०१८ मध्ये जहाजांवरून घेतलेल्या मोजमापांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. प्रयोगापुरता कार्बन डायऑक्साइड वाढवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ढगांचा आधार घेतला: ढग आले की खाली येणारी इन्फ्रारेड उष्णता वाढते, आकाश निवळलं की घटते. सूर्याचा गोंधळ नको म्हणून मोजमापं रात्रीची वापरली. इन्फ्रारेड वाढल्यावर या थरातली तापमानाची रचना बदलते आणि खालची उष्णता वर यायला अडते, हे त्यातून दिसलं. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण दावा ज्या थराचं नाव घेतो नेमका तोच थर त्यांनी मोजला.

लाटांनी हा थर फुटतोच की. फुटतो, आणि काही सेकंदांत पुन्हा तयार होतो.

मग सूर्यच जास्त तापला असेल. सूर्याची तीव्रता १९७८ पासून उपग्रहांवरून सलग मोजली जाते. ११ वर्षांच्या चक्रात ती साधारण ०.१ टक्क्याने वरखाली होते, चढता कल नाही. त्याच काळात समुद्रातली उष्णता वाढत गेली आहे. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रात आहे. २,००० मीटर खोलीपर्यंत जाऊन वर येणारे आर्गो प्रकल्पाचे हजारो तरंगते मापक ती वाढ नोंदवत आहेत.