वरखर्चाला किती?

मागच्या रविवारी फॅमिली ग्रुपवर माझ्या धाकट्या भावाने लिहिलं, "ताई, इतकी वर्षं पाउंडात कमावतेस आणि हिशोब अजून लालबागच्या खोलीतलाच करतेस." खाली तीन हसणारे चेहरे. एक मामेभावाचा, एक काकूचा आणि एक चक्क आईचा. मी तेव्हा काही बोलले नाही पण आठ दिवस झाले ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, भांडी लावताना, ट्रेनमध्ये, कुठेही आठवतं, म्हणून शेवटी लिहायला बसले.

विषय एवढाच की मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलुंडहून भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं आणि आई असे पाच जण पॅरिसला येतायत, इकडून इंग्लंडमधल्या रीडिंगहून आम्ही तिघं जाणार, आणि डिस्नेलँडला तीन दिवस सगळे एकत्र. तिकिटं झाली, डिस्नेलँडजवळच वाल द्युरोपला किचनवालं अपार्टमेंट झालं, आणि मग भावजयीने विचारलं, "ताई, वरखर्चाला किती आणायचे?" अगदी बरोबर प्रश्न. मी त्याच रात्री शीट करून टाकली. त्यांच्या पाच जणांना दिवसाला दीडशे युरो. युरो सोपा पडावा म्हणून शंभर रुपये धरला, म्हणजे तीन दिवसांचे पंचेचाळीस हजार, शिवाय मुलांची पाकिटं वेगळी. त्यावर हे लालबागचं उत्तर आलं, आणि पाठोपाठ, "एकदाच जातोय ना, मोजत बसायला जातोय का? कार्ड आहे की."

कार्ड आहे की! इकडे माझ्या मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर जानेवारीपासून हाच विषय चालू असतो, कोण फ्लोरिडाला जातंय, कोण पॅरिसला, आणि बायका एकमेकींना सरळ विचारतात, स्पेंडिंग मनी किती घेतेयस? कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. एकीने नवऱ्याच्या ओव्हरटाइमचे पैसे बँकेच्या ॲपमध्ये वेगळ्या पॉटमध्ये टाकलेत. एकीने आजी-आजोबांना सांगून ठेवलंय की वाढदिवसाला खेळणं नको, युरो द्या. रांगेत उभं राहून सगळे घरून आणलेली सँडविचेस खातात, आणि हे पिढ्यानपिढ्या पाउंडात कमावणारे लोक आहेत बरं का. मग मी मुलांसाठी पोळीचे रोल न्यायचे म्हटले की ते लालबाग कसं होतं?

शीटमध्ये मी काही कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं. सकाळचा नाश्ता घरी, त्यासाठी तिथल्या मॉलमध्ये ओशां म्हणून मोठं सुपरमार्केट आहे, दूध ब्रेड फळं सगळं मिळतं. दुपारी पार्कमध्ये काउंटरवरचं जेवण, मोठ्या माणसाला वीस युरोच्या आसपास, मुलांचं बारा धरा, झाले चौऱ्याऐंशी. आइस्क्रीम, चुरोज, आईचा चहा मिळून पंचवीस. आरईआरने, म्हणजे तिथल्या लोकलने, जाऊन येऊन पंचवीसेक, 2025 च्या जानेवारीत अडीच युरोला एक तिकीट झालं, आताही त्याच्याच आसपास आहे, नाहीतर पूर्वी पॅरिसहून यायलाच पाच लागायचे. राहिलेले हाताशी. रात्री घरी भात-आमटी, कारण दिवसभर वीस हजार पावलं चालून आल्यावर आईला तेच लागणार आहे हे मला माहितीये. पाण्याच्या बाटल्या घरून न्यायच्या, आत भरायला नळ असतात, नाहीतर तेच पाणी बाटलीत घेतलं की चार युरोच्या आसपास, म्हणजे चारशे रुपये, पाण्याचे! रेनकोट मुलुंडहूनच आणा असं मी ठळक अक्षरात लिहिलं होतं. मिकीचे कान पंचवीसेक युरो, ते मुलांनी आपापल्या पाकिटातून घ्यायचे, प्रत्येकाला चाळीस युरो, पहिल्या दिवशी संपवा नाहीतर तिसऱ्या दिवशी, पुन्हा मिळणार नाहीत.

भावाला खटकलं ते प्रीमियर ॲक्सेस, म्हणजे रांग टाळायचा जादा पास, मी काढून टाकलं म्हणून. त्याला सगळ्यांसाठी पूर्ण दिवसाचं हवंय. ते माणशी शंभर युरोच्या घरात, गर्दीच्या दिवशी त्याच्याही वर. म्हणजे पाच जणांचे दिवसाला पन्नास हजार, फक्त रांग चुकवायला! आई एकाही झटक्याच्या राइडमध्ये बसणार नाही. भाची सात वर्षांची, एक मीटर वीस उंची अजून झालेली नाही, हायपरस्पेस माउंटनला तिला दारातूनच परत पाठवतील. तिचे पैसे कशाचे भरायचे? एक-दोन राइड्सचं सुटं घ्या, तेही घेता येतं. हे मी नीट समजावून लिहिलं तर म्हणाला, "ताई, मुलांना रांगेत उभं करायला मी दीड लाखाची विमानं नाही काढली."

मग मी व्हिसाच्या कागदांची आठवण करून दिली. हिशोब काही मी एकटीच मागत नाहीये, फ्रान्सचं सरकारसुद्धा मागतं, हॉटेल बुक असेल तर माणशी दिवसाला 65 युरो आहेत असं दाखवावं लागतं. यावर तो म्हणाला, "बघ, ते 65 म्हणतायत आणि तू तीस देतेस." अरे, ते दाखवायला! दाखवायचे पैसे आणि उडवायचे पैसे यात फरक असतो हे बाबांच्या मुलाला मी समजावून सांगायचं का? पुढे म्हणाला, पॅरिसला आता यूपीआय पण चालतं. चालतं, 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालं, पण ते आयफेल टॉवरच्या तिकिटाला आणि नंतर एखाद्या मोठ्या दुकानात. चुरोजच्या गाडीवर यूपीआय धरून कशाला बसलायस? क्रेडिट कार्ड फिरवलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, त्यावर जीएसटी, आणि मशीनने युरो की रुपये असं विचारल्यावर रुपये दाबलं तर दर आणखी वाईट. फॉरेक्स कार्ड भरून आणा, थोडे सुटे युरो आणा, मशीनवर युरोच दाबा, आणि एका दुकानात शंभर युरोच्या वर खरेदी झाली तर देताक्सचा, म्हणजे कर परत मिळवायचा, कागद मागून घ्या. एवढंच तर सांगत होते.

बाकी तो म्हणत होता तसं मेच्या पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर सगळंच स्वस्त पडलं असतं हे खरंय. पण इथे हाफ टर्मसारख्या सुट्टीशिवाय मुलाला शाळेतून काढलं की आईला 80 पाउंड आणि बापाला 80 पाउंड दंड होऊ शकतो, आणि तीन आठवड्यांत नाही भरला तर दुप्पट. "कळव ना त्याला ताप आलाय म्हणून," म्हणे. मी नाही असं करत. इथे राहायचं तर इथल्यासारखं राहायचं.

खरं सांगायचं तर मला मुंबईचाच राग येतो हल्ली. दर वर्षी येते तेव्हा दिसतं, ज्यांच्या घरी पाहुण्यांना अर्धा-अर्धा कप चहा मिळायचा त्यांच्या घरी आता मुलाचा वाढदिवस बँक्वेट हॉलमध्ये होतो आणि किंमत विचारली की लोक आपल्याकडे असं बघतात की हिला परवडत नाही. भावाच्या ऑफिसात दोघांनी ट्रिप हप्त्यांवर काढलीये, मुलांचे ते मिकीचे कान तुटून जातील तरी हप्ता चालू राहील. पूर्वी आपल्याकडे कर्ज काढून सण करणाऱ्याला काय म्हणायचे ते आठवा जरा.

माहीमची जत्रा मला अजून स्वच्छ आठवते. डिसेंबरमधली थंडी, दर्ग्याजवळच्या रस्त्यावर दिवे, खाजा आणि हलव्याचे ढीग, आणि समुद्राच्या बाजूला पाळणे. बाबा महापालिकेत क्लार्क होते. पुलावर उतरलो की ते आम्हाला प्रत्येकी दहा रुपये द्यायचे आणि म्हणायचे, "हे तुमचे. संपले की संपले." भावाने एका वर्षी आल्याआल्या मोठ्या पाळण्यात दोनदा बसून आणि एक प्लॅस्टिकचं पिस्तूल घेऊन पाचच मिनिटांत दहा संपवले आणि मग घरी येईपर्यंत रडला. मी चार खर्च केले आणि सहा घरी आणले. मला त्याचा इतका अभिमान होता की रात्री उशीखाली ठेवून झोपले होते. घरात बाबांची डायरी असायची, तीत रोजचा हिशोब, भाजी, रॉकेल, आमच्या पेन्सिली. पुढे एस्सेलवर्ल्डला गेलो तेही असंच, आधी तीन महिने त्या डायरीत वेगळं पान, मग गोराईची बोट. त्या दिवसाचा आनंद काही कमी झाला का? मला तर त्या बोटीवरचा वाराही आठवतो.

हे सगळं मी भावाला लिहिलं. त्याने एका ओळीत उत्तर दिलं, "मला रडल्याचं आठवत नाही. पाळण्यातून समुद्र दिसला होता ते आठवतं. तू खालीच उभी होतीस."

तेव्हापासून जरा गप्प झालेय मी.

कारण मी खालीच उभी होते. आणि इथे आल्यावरही पाच वर्षं तशीच उभी राहिले. 2016 ला आलो, नवऱ्याच्या व्हिसावर. 2021 ला आयएलआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याला, माणशी 2,389 पाउंड, तिघांचे सात हजारांच्या वर, ते एकाच दिवशी भरायचे होते, आणि त्याआधीची पाच वर्षं मी जे काही खर्च केलं ते त्या रकमेतून वजा होतंय असंच बघत आले. मुलुंडला हे कुणाला माहीत नाही. तिथे आम्ही "पाउंडात कमावणारे", आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही, चॉकलेटांनी बॅग भरून नेली, भाच्यांना ट्रेनर्स शूज नेले. 2018 ला मुलाला विंडसरच्या लेगोलँडला नेलं, सहा वर्षांचा होता. बाहेर पडताना दुकानात त्याने एक लहानसा डबा हातात घेतला आणि मी नेहमीचं म्हटलं, बघू नंतर. त्याने डबा उलटा करून मागची किंमत बघितली आणि परत जागेवर ठेवला, अगदी नीट, इतर डब्यांच्या ओळीत. आता चौदाचा आहे. अजून कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतो. मी मागच्या महिन्यात त्याला विचारलं, पॅरिसला काय घ्यायचंय तुला? म्हणाला, "नथिंग, आय ॲम फाइन." त्याचं चाळीस युरोचं पाकीट पूर्णच्या पूर्ण परत येणार आहे हे मला आत्ताच माहितीये, आणि या वेळी त्याचा मला अभिमान वाटत नाहीये.

आणि त्या शाळेच्या ग्रुपवरच्या बायका, ज्यांची मी एवढी उदाहरणं दिली, त्यांच्यातही एक आहे जी मागच्या वर्षीच्या फ्लोरिडाचे पैसे अजून क्रेडिट कार्डावर फेडतेय. ते मी भावाला सांगितलं नव्हतं. त्यांचं सँडविच आणि माझा पोळीचा रोल एकच नाही हेही मला कळतं. त्या बचत करतात तेव्हा कुणी त्यांना विचारत नाही की तू नक्की कुठली. मी इथे हिशोबी म्हणून चालून जाते आणि तिथे हिशोबी म्हणून हसू होतं, आणि ज्या मुंबईत हिशोबी असणं म्हणजे शहाणं असणं होतं ती मी सोडून आले तेव्हाच संपत आली होती बहुतेक. भाऊ तिच्याबरोबर बदलला, तो तिथेच होता ना. मी जेवढी घेऊन निघाले तेवढीच माझ्याकडे राहिली.

पण तरी पाच जणांचं पूर्ण दिवसाचं प्रीमियर ॲक्सेस चुकीचंच आहे. ते मी मागे घेणार नाही.

काल आईचा फोन आला. आधी विचारलं डिंकाचे लाडू पार्कात नेऊ देतात का. म्हटलं खाऊ नेता येतो, लोणच्याची काचेची बरणी तेवढी नको. मग म्हणाली की तिने पेन्शनमधून दोनशे युरो करून घेतलेत, शेजारच्या मुलाबरोबर जाऊन, आम्हा दोघांना न विचारता. "नातवंडांना मी काय द्यायचं ते तू शीटमध्ये लिहू नकोस," म्हणाली. मी विचारलं, ग्रुपवर हसलीस का माझ्यावर? तर म्हणाली तो चेहरा तिने चुकून दाबला, तिला वाटलं तो रडण्याचा आहे.

मग थोडं थांबून म्हणाली, "ते जत्रेतले सहा रुपये तू सकाळी बाबांना द्यायला गेली होतीस, आठवतं? घेतले नव्हते त्यांनी. म्हणाले होते, खर्च करायला दिलेत, कर."

हे मला अजिबात आठवत नव्हतं. मी फोनवर असतानाच शीट उघडली आणि आईची ओळ काढून टाकली. मुलाच्या नावापुढचे चाळीस मात्र तसेच ठेवलेत. त्याला ते पाकीट पॅरिसला पोचल्यावर देणार आहे आणि काय म्हणून द्यायचं ते अजून ठरत नाहीये.